तिसरी पिन

"तिलाच चावतंय, मला न्हाई,"
हिंदुराव फोनवर म्हणाले,
म्हणजे दोष गाडीत नसून बायकोत असावा, असा सूर.

लेंगऱ्याच्या फाट्यावरून आत. पिस्ता रंगाचा बंगला,
गच्चीवर सिमेंटचा गरुड,
कडीवरचा गंज नुकताच खरवडलेला.
एकतीस वर्षं त्रिचूरला सोनं गाळून
परत येताना माणसानं काय आणावं?
यांनी आणली शाळेची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर.
बाकडी काढून आत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज,
खिडक्यांना वहिनींच्या साड्यांचे पडदे.
"घरात झोप येत नाही," वहिनी म्हणाल्या,
"भिंती लांब लांब आहेत."
म्हणून दोघं अंगणात, गाडीतच झोपतात,
आणि स्वयंपाकघराच्या गजांतून
एक पिवळी केबल त्यांच्यापर्यंत येते.

मी आधी पाय बघितले.
हिंदुरावांच्या पायांत रबरी चप्पल, जाड.
वहिनी अनवाणी, सडा टाकून आलेल्या, टाचा ओल्या.
मी काही बोलायच्या आत त्यांनी चप्पल काढली
आणि दाराच्या मुठीला हात घातला.
मग मल्याळीत काहीतरी म्हणाले,
जे मला कळलं नाही, वहिनींना कळलं.
सकाळपासून पहिल्यांदा त्या हसल्या.

केबल काढली. सॉकेटला मीटर लावला.
फेज-न्यूट्रल दोनशे अठ्ठावीस, झकास.
फेज-अर्थ त्र्याण्णव, मग एकसष्ट, मग सत्तर.
आकडा असा डुलायला लागला की समजायचं,
पलीकडे कुणी नाही, नुसता भास आहे.
बल्ब धरून बघितला. पेटला नाही.
बोर्ड उघडला. वरच्या मोठ्या भोकामागे
हिरवी वायर होती, इमानदार, घट्ट आवळलेली.
म्हणजे चोर पुढे.

हिरवीचा माग काढत मी घरभर फिरले,
कोऱ्या सोफ्यांवरचं प्लास्टिक ओलांडत,
मीटरच्या पेटीतून, मागच्या भिंतीतून बाहेर,
परसात, जिथं पाइप वीतभर वर आला होता
आणि त्याला शेळी बांधली होती.
"खुंटी हाय की ती," शेजारच्या आनंदाक्का म्हणाल्या,
"बारा वर्सं बांधतीया."
बारा वर्षांच्या हिसक्यांनी क्लॅम्प गळालेला,
वायरीचं टोक गवतात पडलेलं,
हिरव्यात हिरवं.

उकरलं. मुरूम खडखडीत,
कोळसा जागेवर, मिठाचा पत्ता नाही.
"अर्थिंगला पाणी पाजावं लागतं काका, जित्राबासारखं.
बंद घराला कोण पाजणार?"
ते काही बोलले नाहीत.
माझ्या हातातली पहार घेतली
आणि खणत राहिले, पाहिजे होतं त्याहून खोल.
सात किलो खडेमीठ, लोणारी कोळसा,
पाच बादल्या पाणी, जे जमिनीनं
आवाज करत पिऊन टाकलं.
नवा क्लॅम्प. न्यूट्रल-अर्थ दीड. बल्ब भक्कन.

गाडी जोडली आणि पेटीतला ब्रेकर पडला.
खट्.
चढवला. पुन्हा खट्.
"बिघडवलंस का पोरी?"
"नाही काका. इतके दिवस करंट गाडीच्या अंगावर साचून होता,
आता त्याला वाट मिळालीय, म्हणून दिसला."
एकेक वस्तू काढत गेले. फ्रीज निर्दोष. पंखा निर्दोष.
निघाला तो छोटा गीझर, जुन्या बाजारातला,
आतली कॉइल ओल धरलेली.
त्यांनी तो वहिनींच्या संधिवातासाठी बसवला होता.
तेवढं मात्र त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

गीझर उतरवला. ब्रेकर टिकला.
वहिनींनी मुद्दाम पाय ओले केले,
मूठ धरली,
धरूनच उभ्या राहिल्या, बसथांब्यावर असल्यासारख्या.

"पाणी किती वेळा?" हिंदुरावांनी विचारलं.
"आठवड्याला दोन बादल्या. उन्हाळ्यात चार."
"आम्ही तर बुधवारी निघणार. गोकर्णाकडं."
सगळे जरा वेळ खड्ड्याकडे बघत राहिलो.
"मी घालीन की पाणी," आनंदाक्का म्हणाल्या.
दोरी त्यांच्या हातातच होती.
"पर शेळी कुटं बांदू, ते सांगा आदी."